गोदी वाढवली

“दर वर्षी वाढवता?” साहेबांनी विचारलं.

“दर वर्षी,” रवळोजी मेस्त्री म्हणाला. “मिरगाच्या आधी. आजोबांच्या वेळेपासून एक साल चुकलेलं नाही.”

“आणि किती वाढवता?”

“सगळी वाढवतो साहेब. अर्धी वाढवून कसं चालेल?”

मी लिहीत होतो. माझा हात थांबला नाही.

रकाना पहिला : शहराचे नाव व स्थान

तारवडे. वेळवी नदीच्या उजव्या काठावर, मुखापासून सहा मैल आत. भरतीला पाणी खारं, ओहोटीला गोडं. माणसं बाराही महिने खारी.

नगरपरिषदेने यंदा स्मरणिका काढायची ठरवलं आहे, आणि ‘शहर परिचय’ असा छापील फॉर्म माझ्याकडे पाठवला आहे. तहसील कचेरीत पस्तीस वर्षं काढलेला, जुने कागद पाहिलेला मीच एक शिल्लक आहे म्हणे. प्रत्येक रकान्याला चार ठिपक्यांच्या ओळी दिल्या आहेत. चार ओळींत मावेल एवढंच लिहावं अशी तळटीपही आहे. मी पाठचे कोरे कागद जोडतो आहे. छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तारू म्हणजे गलबत, आणि तारवांची वाडी ती तारवडे, असं इथे शाळेत शिकवतात. केस कापायला बसलात तरी न्हावी सांगेल की त्याच्या पणजोबांनी बसरा पाहिला होता. या शहरात कोणाचाही पणजोबा घरी बसलेला नव्हता.

रकाना दुसरा : प्रमुख व्यवसाय

जहाजबांधणी (पूर्वी).

कंसातला शब्द माझा आहे. तो तिथे कसा आला तेच सांगायचं आहे.

एकेकाळी काठावर अकरा गोद्या होत्या. गोदी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे: नदीकडे उतरती जमीन, वर माडाच्या झापांचं छप्पर, आणि छपराखाली टेकूंवर उभं असलेलं अर्धवट गलबत. एकोणीसशे शहाऐंशी साली त्यांतली एकच उरली होती, रवळोजी मेस्त्रीची. वय चौऱ्याहत्तर. कागदावर एक रेघ न काढता तो ऐंशी टनांचं गलबत उभं करायचा. फळी हवी तशी वळली की नाही हे बघायला तो डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवायचा. लोक ते बघायला यायचे. मीही एकदा गेलो होतो. फाटकाबाहेर उभा राहून पाहिलं. आत जायची आम्हाला बंदी होती.

आम्हाला, म्हणजे लवू तारीच्या घरच्यांना. लवू माझा बाप. त्याच गोदीत तो फळ्यांचे सांधे भरायचा: सांध्यात कापूस ठोकायचा आणि वरून राळ आणि तेल. वीस वर्षं त्याने भरलेल्या सांध्यातून पाण्याचा थेंब आत गेला नाही, असं खुद्द मेस्त्रीच सांगायचा. एकसष्ट सालापर्यंत सांगायचा.

रकाना तिसरा : चालीरीती

दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात, दिवा वाढवतात. हे मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

गोदीत ही रीत फार कडक होती. चार शब्द फाटकाच्या आत उच्चारायचे नाहीत: बंद, संपलं, थांबलं, बुडालं. टेकूवर गलबत उभं असताना तर नाहीच. ज्या गलबताच्या कानावर हे शब्द पडले, त्यावर कोणी तांडेल (गलबताचा कप्तान) पाय ठेवणार नाही आणि कोणी खलाशी चढणार नाही. मिरगाच्या आधी चार महिन्यांसाठी काम आवरायचं तेव्हा मेस्त्री गलबताला हात लावून मोठ्याने म्हणायचा, “गोदी वाढवली.” मग सगळे पाया पडून घरी जायचे.

एकसष्टच्या मेमध्ये, त्या संध्याकाळी, माझा बाप कापूस ठोकायच्या आपल्या मोगऱ्या गोळा करत होता. दिवसभर उन्हात राळ उकळली होती. मेस्त्री बोलायच्या आधीच हा पाठ ताठ करत म्हणाला, “चला, झाली एकदाची बंद.”

तीस माणसांनी ऐकलं.

टेकूवरचं गलबत दिवाळीनंतर पाण्यात उतरलं आणि पहिल्याच सफरीत गेलं. कशीबशी राजी करून चढवलेली नऊ माणसं होती. वादळ होतं, पण वादळाचं नाव कोणी घेतलं नाही. बातमी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने फाटकात उभं राहून बापाच्या हातात त्याची हत्यारांची पिशवी दिली आणि एवढंच म्हणाला, “लवू, तुझी जीभ घेऊन घरी जा.” उरलेल्या दहा गोद्यांनीही त्याला घेतलं नाही. तो धक्क्यावर कौलं उतरवायला लागला आणि तिथेच, कौलांच्या राशीशेजारी बसल्या बसल्या, सत्तर साली वारला.

आमचं नाव पडलं बंदवाले. माझं घरातलं नाव बंडू होतं. शाळेत पोरांनी एक अक्षर बदललं. पुढे मास्तरही हाजरी घेताना विसरून ‘बंदू तारी’ म्हणून गेले आणि वर्ग हसला. मुलगी सांगून यायची, चौकशी व्हायची, आणि मुलीकडचे पुन्हा दिसायचे नाहीत. कचेरीत नोकरी लागली तेव्हा शिपाई म्हणाला, बरं झालं, आता फायली बंद करा. मीही हसलो. पस्तीस वर्षांत मी या शहरात किती वेळा हसलो याची गणती नाही.

(वरचा परिच्छेद स्मरणिकेत चालणार नाही हे मला माहीत आहे.)

रकाना चौथा : महत्त्वाच्या घटना (सनावळीसह)

सन १९८६. गोदीच्या जमिनीचा नव्याण्णव वर्षांचा पट्टा संपला.

नवा पट्टा द्यायला हरकत नव्हती. अट एकच: पट्टेदाराने मूळ हद्दीपेक्षा जागा वाढवलेली नसावी. त्याच जागेसाठी बर्फाच्या कारखान्याचाही अर्ज पडला होता, म्हणून अट कागदावर राहिली नाही, मोजणी झाली. जमीन अकरा गुंठे जादा भरली.

ती कोणी वाढवली नव्हती. नदी मागे सरकली होती. गाळ बसून काठ पुढे आला होता, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण नदीचा जबाब घेता येत नाही. ही वाढ नदीची की माणसाची हे ठरवायला सहायक जिल्हाधिकारी स्वतः आले. इलंगोवन नावाचे, सव्वीस वर्षांचे, तामिळनाडूचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, पण मन लावून. जीपमध्ये त्यांनी मला दोनदा विचारलं, ‘गुंठा’ पुल्लिंगी ना? माणूस सरळ होता. त्याच्याकडे बोट दाखवून मला सुटता येणार नाही.

जबाब लिहून घ्यायला कारकून म्हणून मी गेलो. तहसीलदारांनी माझं नाव घातलं तेव्हा मी नाही म्हणू शकलो असतो.

पंचवीस वर्षांनी आमच्या घरातलं कोणीतरी त्या फाटकातून आत गेलं. हातात सरकारी फाईल होती, म्हणून कोणी अडवलं नाही. मेस्त्रीने मला ओळखलं. साहेबांना खुर्ची दिली, मला फळीचा तुकडा दाखवला.

टेकूवर एक गलबत उभं होतं, जवळजवळ पुरं होत आलेलं. ते सांगून बनवून घेणारा उस्मान तांडेल आपल्या सात खलाशांना घेऊन सावलीत बसला होता. दोन दिवसांनी ते पाण्यात उतरायचं होतं. मेस्त्रीची विधवा सून प्रभा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि गलबताच्या बाजूला उभी राहिली.

साहेबांनी आधी घराण्याची चौकशी केली, मग गलबतं किती बांधली ते विचारलं. मेस्त्री रंगात आला. शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होता. साहेब शुद्ध बोलतात म्हणून. सगळं सुरळीत चाललं होतं. मग साहेबांनी विचारलं की पावसाळ्यात इथे काय असतं, आणि मेस्त्री सहज म्हणाला, पावसाळ्याआधी आम्ही गोदी वाढवतो.

पुढचं वर सांगितलंच आहे. दर वर्षी. सगळी.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. म्हातारा त्यांना आवडला होता.

गडबड पहिल्यांदा प्रभाच्या लक्षात आली. तिने आडून सांगून पाहिलं. म्हणाली, साहेब, म्हणजे चार महिने आम्ही सगळे आपापल्या घरी असतो. साहेबांनी मान हलवली, म्हणाले, ते ठीक आहे, पण ते वाढवल्यानंतर ना? ती म्हणाली, हो, वाढवल्यानंतरच. साहेब म्हणाले, मग माझ्या लक्षात आलं ते बरोबरच आहे. उस्मान तांडेलच्या खलाशांपैकी एकाला हसू फुटलं. तांडेलने त्याच्याकडे पाहिल्यावर तो गप्प झाला.

मग साहेब माझ्याकडे वळले.

“तारी, ‘वाढवणे’ म्हणजे मोठे करणे. बरोबर?”

सगळी गोदी माझ्याकडे बघत होती. रंधा थांबला होता. मी बोलावं म्हणून त्या शहरात कोणी इतकं गप्प राहिल्याचं मला आठवत नाही.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात गोदी नव्हती, पट्टा नव्हता, बर्फाचा कारखाना तर नव्हताच. मला एकच हवं होतं. रवळोजी मेस्त्रीने तो शब्द बोलावा. आपल्या तोंडाने, आपल्या छपराखाली, माझ्या देखत. त्याला दुसरी वाट राहू नये एवढंच मला करायचं होतं, आणि ते फार सोपं होतं.

“हो साहेब,” मी म्हणालो. “शब्दकोशात तोच अर्थ आहे.”

साहेबांनी मेस्त्रीला समजावून सांगितलं. अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून. तुम्ही दर वर्षी जागा वाढवता असं तुमच्या जबाबात येतं आहे. तसं असेल तर पट्टा मिळणार नाही. तुम्हाला यापेक्षा वेगळा शब्द सांगायचा आहे का?

तेव्हा मेस्त्रीला कळलं. त्याने साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग गलबताकडे, मग सावलीतल्या आठ माणसांकडे. उस्मान तांडेल उठून उभा राहिला होता. त्याने बायकोचे दागिने मोडून हे गलबत सांगितलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. म्हणजे शब्द आला तर चालू लागायचं.

फाटक वीस पावलांवर होतं. साहेबांना बाहेर रस्त्यावर नेऊन तिथे बोलता आलं असतं. मेस्त्रीच्या मनात ते आलंही असावं. त्याने फाटकाकडे एकदा पाहिलं. पण लवू तारीच्या पोरासमोर तो ती वीस पावलं चालला नाही. मी तिथे नसतो तर चालला असता, असं मला वाटतं. आता वाटतं.

“जो शब्द आहे तो मी दिला,” तो म्हणाला. “लिहून घेतलात ना? आणा इकडे.”

त्याने सही केली. सहीला वेळ लागला. खाली ‘समक्ष’ म्हणून मी माझं नाव लिहिलं.

रकाना पाचवा : प्रेक्षणीय स्थळे

एस. टी. स्टँडसमोर सिमेंटचं गलबत आहे. संध्याकाळी त्यात दिवे लागतात. पुढचं टोक मागे आणि मागचं पुढे असं ठेकेदाराने केलं आहे. अजून कोणी तक्रार केलेली नाही.

रकाना सहावा : शहरातील कर्तृत्ववान स्त्रिया

प्रभा रवींद्र मेस्त्री.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती कचेरीत आली. दोन मैल उन्हातून चालत आली होती. इलंगोवन साहेब आतल्या खोलीत कागद पाहत बसले होते आणि अकराला जिल्ह्याच्या ठिकाणी निघणार होते. माझं टेबल त्यांच्या दाराबाहेर. दाराला अर्धी झुलती फळी होती. खालून साहेबांचे बूट दिसत होते.

ती माझ्यासमोर उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

“ह्या गोदीचा फाटक न्हय,” ती म्हणाली. “हय बोलूक हरकत नाय. बंद. पावसाळ्यात आमी गोदी बंद करतो. बंद. लिवा.”

कचेरीतली माणसं माना वर करून बघायला लागली. सगळ्यांनाच माहीत होतं. मला विसर पडला होता असं मी म्हणणार नाही, पण त्या क्षणापर्यंत मी ते माझ्या बापाच्या गोष्टीत कधी धरलंच नव्हतं: एकसष्ट सालच्या त्या नऊ माणसांत रवींद्र मेस्त्री होता. मेस्त्रीचा एकुलता एक मुलगा आणि हिचा सात महिन्यांचा नवरा. वीस वर्षांची असल्यापासून तिने तो शब्द तोंडातून काढला नव्हता. घराचं दारसुद्धा ती ‘लोटून घे’ म्हणायची.

तिने घरून अर्ज लिहून आणला होता. अक्षर सुरेख होतं. ‘आमच्याकडे वाढवणे म्हणजे बंद करणे, तरी जबाबातील शब्दाचा तसा अर्थ घ्यावा.’ खाली तिची सही, आणि मेस्त्रीचा अंगठा. सही करणाऱ्या माणसाचा अंगठा. सही करायला तो तयार झाला नसणार. अंगठा तिने झोपेत घेतला की जागेपणी, मला माहीत नाही.

“झाला तुमचा समाधान?” तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “सायबाक दिया आता.”

मी म्हणालो, “देतो.”

मी अर्जावर शिक्का मारला. तिला पोच दिली. ती गेली. सव्वादहा झाले होते. अर्ज मी ट्रेमध्ये ठेवला. त्याच्यावर एक शेतसाऱ्याची फाईल ठेवली. मग बोरूची दोन टोकं तासली. बोरू तेव्हा कोणी वापरतही नव्हतं. अकराला साहेब बाहेर आले, माझ्याशी हात मिळवून म्हणाले, तारी, तुमचे अक्षर फार स्वच्छ आहे. जीप सुरू झाली. धूळ खाली बसल्यावर मी अर्ज काढला आणि आवक नोंदवहीत चढवला. दुपारच्या टपालाने पाठवलाही. मी कुठलाच कागद दाबून ठेवला नाही, हे नोंदवही दाखवेल.

टपाल पोचायच्या आधी निकाल लागला. मेस्त्रीने अपील केलं नाही.

रकाना सातवा : शहराविषयी अन्य माहिती

उस्मान तांडेलचं गलबत ठरल्या दिवशी उतरलं. सतरा वर्षं चाललं. एकदाही गळलं नाही.

जमिनीचा ताबा घ्यायला मे महिन्याच्या अखेरीस पंच आणि मी गेलो. जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. छप्पर उतरवलेलं होतं, टेकू रचून ठेवलेले होते, जमीन झाडलेली होती. मेस्त्री एकटाच होता. त्याने सही केली, फाटकाची किल्ली माझ्या पंचनाम्यावर ठेवली आणि आधी बाहेर पडला. मीही मागोमाग निघालो. रस्ता एकच होता.

मला वाटलं होतं की तो फाटकात उभा राहून काहीतरी बोलेल. मला, किंवा माझ्या बापाला. निदान थुंकेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. उत्तरही जुळवून ठेवलं होतं, पंचवीस वर्षं पुरलेलं. तो चालत राहिला.

नाक्यावर चहाची टपरी आहे. त्या वेळी मेस्त्री गोदी सोडून तिथे कधी दिसायचा नाही, म्हणून टपरीवाल्याने आश्चर्याने विचारलं, “काय मेस्त्रीनु, आज हय खय?”

“गोदी बंद झाली,” मेस्त्री म्हणाला.

तसाच म्हणाला. आज शाळेला सुट्टी आहे म्हणावं तसा. आवाज कापला नाही, थांबला नाही, त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. समोरून एक सायकलवाला गेला. शब्द ऐकायचा म्हणून मी एवढं सगळं केलं होतं आणि तो माझ्या कानावरून असा गेला की क्षणभर मला वाटलं, तो बोललाच नाही.

टपरीवाल्याने विचारलं, मग आता? मेस्त्री म्हणाला, आता काय, चहा घाल. आणि बाकावर बसून धोतराने पाय पुसत, मी जणू रोजचाच सोबती असावा तसा माझ्याकडे अंगठा करून म्हणाला, “ह्याकाय एक दी. ह्याचा काम झाला.”

टपरीवाल्याने ग्लास माझ्या पुढ्यात ठेवला. नको म्हणून उठता आलं असतं. पंच माझी वाट बघत उभे होते, ऊन होतं, आणि बाकावर त्याच्या शेजारी जागा होती.

मी बसलो, आणि प्यायलो. साखर जास्त होती.